नरसय्या रंगारी विलायतेस जातो

विलायतेस शिकावयास जाणारी माणसे माझ्या लेखणीखालून आजवर तीनच गेली. पहिला एका सावकाराचा पुत्र. तो बॅरिस्टर होऊन आला आणि आता मला ओळखत नाही. दुसरा एका वकिलांचा भाचा. तो मुंबईहूनच परत आला, कारण धक्क्यावर उभे राहून बोट पाहताच त्यास भोवळ आली. तिसरा साखर पेठेतला नरसय्या रंगारी. पहिल्या दोघांविषयी लिहावे असे मजजवळ काही नाही.

मी सोलापूरच्या कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, बावीस वर्षे अर्जनवीसाचे काम करीत आहे. शाळा इंग्रजी तिसरीत सुटली. पुढचे इंग्रजी मी साहेबलोकांच्या हुकुमांच्या नकला करून मिळविले आणि ते शाळेतल्यापेक्षा टिकाऊ निघाले. या आवारात इंग्रजीतून अर्ज लिहिणारे आम्ही दोघेच. दुसऱ्याचे अक्षर चांगले नाही. नरसय्या मजकडे आला यात म्हणून नवल नव्हते.

तो तेलंगी विणकरांपैकी. घरी चार हातमाग होते, ते धाकटा भाऊ सांभाळी. नरसय्याकडे सुताला रंग देण्याचे काम. वय चौतीस, उंच, पण कढईवर वाकून वाकून पाठीस बाक आलेला. मिशा भरघोस. बायको वारली होती, मूलबाळ नव्हते, आई होती. बोलणे फार थोडे. मला तो ‘पंतुलु’ म्हणे. त्यांच्या भाषेत शिकल्यासवरल्या माणसास असे म्हणतात.

त्याचे इंग्रजी मात्र मी दुसऱ्या कोणापाशी पाहिले नाही. रंगाचे डबे विलायतेहून येत, त्यांत घडी घातलेला एक कागद असे. रंग कसा वापरावा ते त्यावर छापलेले. असे कागद त्याने बारा वर्षे जपले आणि एका म्हाताऱ्या मिशनरी मास्तरांकडून ओळ न् ओळ समजून घेतले. त्यामुळे ‘विरघळवा’, ‘उकळू नका’, ‘सावलीत वाळवा’ हे त्यास इंग्रजीत अस्खलित येई. ‘कृपा करून’ येत नसे. मी एकदा त्यास म्हणालो, “अरे, तुझे इंग्रजी सगळे हुकमाचे. विनंतीचे एक वाक्य तरी शिकून घे.”

तो म्हणाला, “डब्यात आलं न्हाय ओ पंतुलु.”

त्याचा दुसरा विशेष असा की आपल्या मालाबद्दल तो कधी वाढवून बोलत नसे. गिऱ्हाइकाने विचारावे, “रंग पक्का आहे ना?” आणि साऱ्या पेठेने छातीवर हात ठेवून ‘पक्का’ म्हणावे, ही रीत. नरसय्या म्हणे, “हिरवं पक्कं. निळं पक्कं. लालचं मला सांगता येत न्हाय.” भाऊ कपाळास हात लावी.

लाल रंगाचेच दुखणे होते. एकदा सांगोल्याकडची एक धनगर बाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात लाल लुगडे, त्याच्या पांढऱ्या काठावर सगळा तांबडा ओघळ. मी त्या दिवशी काही कामाने तेथेच होतो.

“ह्ये बग की,” बाई म्हणाली. “लेकीच्या पाठवणीला घेतलं. पैल्या धुण्यात ही दशा. सासूनं माझ्या लेकीला म्हनलं, तुज्या आईवानी लुगडंबी कच्चं. आता बोल.”

भाऊ म्हणाला, “मावशी, तुम्ही ऊन पाण्यात धुतलं असेल.”

“ऊन पानी? आमच्यात प्यायला पानी न्हाय, ऊन कशाला करीन?”

नरसय्याने लुगडे उलगडून उजेडात धरले. माफी मागितली नाही, वादही घातला नाही. त्याने विचारले, “कुठल्या विहिरीत धुतलं?”

“कुटल्या म्हंजी? गावात हाय तीच.”

“त्याचं पाणी आणाल काय? तांब्याभर.”

वेड लागलेल्याकडे पाहावे तसे बाईने त्याच्याकडे पाहिले. पण त्याने दुसरे लुगडे दिले, हिरवे, आणि पुढच्या खेपेस ती खरेच तोंडाला फडके बांधलेला तांब्या घेऊन आली. येताना निम्मे सांडले म्हणून हळहळत होती.

त्या पाण्यापासून त्याचा ध्यास सुरू झाला. एकाच डब्यातला लाल रंग एका विहिरीच्या पाण्यात टिकतो आणि दुसरीच्या पाण्यात सुटतो, हे त्याने सुताच्या लडी बुडवून बुडवून पाहिले. सोलापुरातल्या आणि भोवतालच्या अकरा विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून त्याने फळीवर मांडले. प्रत्येकीवर चिठ्ठी, प्रत्येकीच्या गळ्यात त्या पाण्यात रंगविलेला लाल धागा. काही धागे कुंकवासारखे, काही विटलेल्या विटेसारखे. असे का होते, ते मात्र त्यास कळेना. डब्यातल्या कागदावर ते दिलेले नव्हते.

मिशनरी मास्तरांनी सांगितले की विलायतेत रंगाचे शास्त्र शिकविणारे कॉलेज आहे. नरसय्याने तिकडे धागे पाठविले. सोबतचे पत्र त्याने स्वतः लिहिले होते, मला न दाखविता. सहा महिन्यांनी उत्तर आले. दोन वर्षांच्या शिक्षणक्रमात त्यास जागा देऊ, सत्र सुरू होताना हजर व्हावे. ते उत्तर वाचून घेण्यासाठी तो प्रथम माझ्या झाडाखाली आला. मी ते दोनदा वाचले, कारण पहिल्याने माझा विश्वास बसला नाही.

“चौतिसाव्या वर्षी तू बाकावर बसणार?” मी विचारले.

“बसायला मिळतंय की,” तो म्हणाला. “कढईपाशी उभंच राहावं लागतंय.”

मग तयारी सुरू झाली आणि साखर पेठेस करमणूक मिळाली. तिकडे बूट घालावे लागतात, म्हणून ऐन एप्रिलात हा गृहस्थ लोकरी मोजे आणि बूट घालून साखर पेठेपासून सात रस्त्यापर्यंत चालत जाई आणि परत येई. मागावरच्या बायका खिडकीतून ओरडत, “नरसय्या, बर्फ पडलं काय रे?” तो न हसता उत्तर देई, “अजून न्हाय.” पायांस फोड आले, फुटले, बरे झाले. तेव्हा त्याने बूट काढून पाहिले व म्हणाला, “आता बसलं.”

तिकडे तिखट मिळत नाही असेही त्यास कोणी सांगितले होते. आईने महिनाभर त्याच्यासाठी बटाटे नुसत्या मिठात उकडले. आईचे नाव राजम्मा. ती मला वाटेत गाठून म्हणाली, “पंतुलु, आजारी माणसाचं खाणं हे. चांगलं माणूस कसं खातंय? तिथं सगळे आजारी हायत काय?”

मी म्हणालो, “तिथे थंडी असते, राजम्मा.”

“थंडी असली तर तिखट जास्त पाहिजे की!”



खर्चाची तजवीज झाली होती. जातीच्या फंडाने व एका गिरणीच्या मालकांनी मिळून दोन वर्षांचे लेखी दिले होते. उरला पासपोर्ट. तो मुंबईहून मिळतो, पण अर्ज येथल्या कचेरीमार्फत जावा लागतो आणि त्याआधी पोलिसांची चौकशी होते. चौकशीस एक हवालदार आले. ते टेंभुर्णीकडचे, नव्याने बदलून आलेले. पंच म्हणून मला बोलावले होते. त्यांची नजर प्रथम फळीवरच्या बाटल्यांवर गेली.

“ह्यात काय हाय?”

“पाणी,” नरसय्या म्हणाला.

“पानी बाटलीत कशाला?”

“दाखवायला न्यायचं.”

“कुनाला?”

“विलायतेत, मास्तरांना.”

हवालदारांनी टोपी मागे सारली. “तितं पानी न्हाय व्हय?”

“हाय. पण हे न्हाय.”

“हे बग, मी लई जनांची चौकशी केली हाय. बाटलीत पानी हाय म्हननारा पैला मानूस तू. खरं बोल, काय हाय?”

नरसय्याने एक बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. हवालदारांनी वास घेतला. मग माझ्याकडे पाहिले. मी पंच होतो, मान डोलावली. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाईट केले.

“खारं हाय की रं!”

“व्हय,” नरसय्या म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. “तेच. खारं हाय म्हणून लाल सुटतंय काय, का दुसरं कायतरी हाय? हे दुसरं पिऊन बघा, हे गोडं हाय, तरी सुटतंय.”

हवालदारांनी दुसरे पाणी प्यायले नाही. त्यांनी वहीत लिहिले की इसम सरळ आहे, किंचित छांदिष्ट. मी ते शेजारी उभा राहून वाचले. शब्द त्यांनी मलाच विचारून घातला होता.

आता जे सांगावयाचे ते माझ्याकडून घडले. लपविण्यात अर्थ नाही, कारण कचेरीत ते कागदावर आहे.

पासपोर्टाचा छापील नमुना होता, तो त्याने स्वतः भरला. नुसता नमुना द्यावा असे त्याचे म्हणणे. पण बावीस वर्षांच्या अनुभवावरून माझे मत असे की कोरड्या नमुन्याकडे साहेब पाहत नाहीत, सोबत अर्ज पाहिजे. अर्जाची एक घडण असते. आरंभी नम्रता, मध्ये संकट, शेवटी मायबाप सरकारच्या चिरायुष्याची प्रार्थना. संकट नसेल तर अर्ज उभाच राहत नाही. मी लिहिले की अर्जदार हा अत्यंत दरिद्री व निराधार विणकर असून त्यास वृद्ध मातेखेरीज कोणी नाही, घरात अन्नाची भ्रांत आहे, आणि सरकारच्या कृपेवाचून त्यास जगात दुसरा आश्रय नाही. सारा जिल्हा मी याच शब्दांत निराधार केला आहे. विहिरीचा वाद असो की बंदुकीचा परवाना, हे कलम मी घालतोच. कोणी कधी हरकत घेतली नाही.

नरसय्याने विचारले, “यात काय हाय?”

मी म्हणालो, “जे सगळ्यांच्यात असते ते.” त्याने सही केली.

पाच आठवड्यांनी अर्ज मुंबईहून परत आला. लाल शाईत शेरा होता. अर्जदार आपण निराधार असल्याचे स्वतःच लिहितो. परमुलखात निराधार होणाऱ्या इसमास परत आणण्याची जोखीम सरकार घेत नाही. शिवाय फंडाचे व गिरणीमालकांचे हमीपत्र सोबत जोडले आहे, तेव्हा दोहोंपैकी एक कागद खोटा दिसतो. कोणता, याची प्रांतसाहेबांनी चौकशी करावी. पासपोर्ट तूर्त नामंजूर.

सत्रास अडीच महिने उरले होते आणि प्रवासासच तीन आठवडे लागतात.

मी त्यास शेरा वाचून दाखविला. त्याने तो कागद माझ्या हातातून घेऊन उजेडात धरला. मग म्हणाला, “पंतुलु, मी निराधार कधी झालो?”

मी घडण समजावू लागलो. नम्रता, संकट, प्रार्थना. तो ऐकत राहिला, जसे एखाद्या रंगाऱ्याने दुसऱ्याची कृती ऐकावी तसे. शेवटी एवढेच म्हणाला, “मला इचारायचं की ओ.”

प्रांतसाहेबांपुढे त्यास उभे करण्यात आले तेव्हा मी दाराशी होतो. खोट्या मजकुराचा अर्ज लिहिल्यास अर्जनवीसाची सनद जाते.  साहेब गोरे, वयाने तरुण, मराठी जपून बोलत.

“हे तुम्ही लिहिले?”

“सही माझी हाय, साहेब.”

“मी सही विचारत नाही. तुम्ही निराधार आहात?”

“न्हाय. आई हाय, भाऊ हाय, चार माग हाय.”

“घरात अन्न नाही?”

“हाय. सध्या बटाटे जास्त हाय.”

चिटणीस खोकले. साहेब हसले नाहीत. “मग हा मजकूर खोटा आहे.”

मला वाटले, आता तो ‘पंतुलुंनी लिहिला’ म्हणेल. म्हणाला असता तर ते सत्यच होते आणि सत्याखेरीज त्या माणसास दुसरे बोलता येत नसे, हे मी इतक्या दिवसांत पाहिले होते.

“खोटा हाय,” तो म्हणाला. “मी वाचल्याशिवाय सही केली. चूक माझी हाय.”

“लिहिणारा कोण?”

नरसय्या म्हणाला, “साहेब, लुगडं विणकर विणतंय, रंग दुसरं कोणतरी देतंय. पण रंग सुटला तर बाई ज्याच्याकडून घेतलं त्याच्या दारात येतीय. सही माझी हाय. माझ्या दारात या.”

साहेबांनी दाराकडे पाहिले. मी तेथे होतो, हे त्यांस दिसले असावे. काही वेळाने ते म्हणाले, “बाहेर बसा. स्वतः लिहा. खरे लिहा. कोणाची मदत नको.”

तो व्हरांड्यात मांडी घालून बसला. मी बोरू पुढे केला, त्याने घेतला. दौत पुढे केली, घेतली. मी म्हणालो, “आरंभी निदान ‘अत्यंत नम्रतापूर्वक’ एवढे तरी—” त्याने तळहात वर करून मला थांबविले. सहा ओळी लिहिण्यास त्यास दुपार लागली. इंग्रजीत होत्या. त्यांचा तर्जुमा असा:

‘मी रंगारी आहे. मी दरिद्री नाही. आमच्या लुगड्यांचा लाल रंग धुतल्यावर सुटतो. का सुटतो ते मला माहीत नाही. ते शिकून मी परत येईन. मला जाऊ द्या.’

शेवटची ओळही हुकमाचीच. मी म्हणालो, “साहेबास आदराचा एक शब्द नाही रे यात.”

“उभा राहिलो होतो की मघाशी,” तो म्हणाला.

साहेबांनी ते वाचले, खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आणि मुंबईस पाठविले. त्या दोन ओळी काय होत्या ते मला चिटणिसांनी आजवर सांगितले नाही. माझ्या सनदेची गोष्ट पुढे कोणी काढली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक अर्ज अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवितो आणि मगच सही घेतो. यात वेळ जातो. दुसरा अर्जनवीस मला हसतो, पण त्याचे अक्षर अजून तसेच आहे.

पासपोर्ट आला तेव्हा सत्र सुरू व्हावयास आठच दिवस उरले होते. सगळ्यांनी सांगितले, पुढल्या साली जा. भाऊ म्हणाला, मीही म्हणालो. नरसय्याने ऐकले आणि मला तारेचा मजकूर करावयास सांगितला. मी चार ओळींचा केला, पद्धतशीर. त्याने तो वाचला, सबंध वाचला, बोट ठेवून. मग मागे कोऱ्या बाजूस लिहिले, ‘उशिरा येतो. जागा ठेवा.’ तीच तार गेली. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यात एकच शब्द होता, ‘या.’

त्यानंतर त्याची दोन पत्रे मला आली. पहिल्यात लिहिले होते की अकरांपैकी चार बाटल्या बोटीवर फुटल्या, सात पोचल्या आणि मास्तरांनी त्या सगळ्या वर्गास दाखविल्या. दुसऱ्यात होते की खारेपणा हे कारण नव्हे, दुसरेच आहे, पण ते पत्रात सांगण्यासारखे नाही, उकळावे लागते. तो परत आला तो अहमदाबादेस. एका मोठ्या गिरणीने त्यास तिकडे नेले. सोलापुरास तो आला असे ऐकतो, पण माझी गाठ पडली नाही. साखर पेठेतला लाल रंग आता सुटत नाही. भावाने मला कृती विचारू नका म्हणून सांगितले आहे.

माझ्या दृष्टीपुढे तो आहे तो स्टेशनावरचा. मुंबईची गाडी उभी होती. पेठेतली पाच-पन्नास माणसे, बहुतेक बायका, तेलगूत एकदमच बोलत होती. नरसय्या तिसऱ्या वर्गाच्या खिडकीशी बसला होता, अंगात काळा कोट, पायांत ते बूट. राजम्मा खाली उभी. तिने त्याच्याकडून पासपोर्ट मागून घेतला आणि मजपुढे धरला.

“पंतुलु, ह्यात माझ्या पोराचं काय लिवलंय?”

मी नाव वाचले, गाव वाचले, उंची वाचली. पुढे ‘व्यवसाय’ असा रकाना होता. मी असतो तर तेथे ‘विणकर’ घातले असते. त्याने नमुन्यात दुसरे भरले होते आणि तेच छापून आले होते.

“विद्यार्थी,” मी वाचले.

“काय?”

“शाळेत जाणारा.”

राजम्माने मुलाकडे पाहिले. त्याच्या मिशांकडे पाहिले. मग ती तोंडाला पदर लावून हसत सुटली आणि तिने ते बायकांना तेलगूत सांगितले, त्याही हसू लागल्या. “एवढं मोठं विद्यार्थी!” ती पुनःपुन्हा म्हणत होती. हसता हसता ती रडू लागली केव्हा, ते मला समजले नाही. एवढ्यात शिटी झाली, गाडी हलली, आणि पासपोर्ट अजून तिच्या हातात होता.

मी या शहरातील एक जाणता माणूस आहे. डोईस पगडी, खांद्यावर उपरणे. मी फलाटावर कधी धावलो नव्हतो. मी तो पासपोर्ट तिच्या हातातून ओढून घेतला आणि धावलो. उपरणे पडले, पगडी एका हाताने धरली होती. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, मनगटापर्यंत निळा, आणि त्याने पासपोर्ट घेतला.

मला वाटले, तो काही म्हणेल, निदान हात हलवील. त्याने पासपोर्ट उघडला, पहिल्या पानावर बोट ठेवले आणि वाचू लागला. गाडी फलाट सोडून गेली तेव्हा तो मान खाली घालून वाचतच होता.